वावरातलं दगडी वर्तुळ, मंजूर झालेलं शेततळं आणि मधले पाच दिवस : एक प्रकरण अभ्यास

हे प्रकरण नागपूर जिल्ह्यातल्या एका गावातलं, २०१७ च्या उन्हाळ्यातलं. गावाचं नाव, गट नंबर, माणसांची नावं मुद्दाम देत नाहीये, कारण तिथली दोन वर्तुळं अजून कोणी उकरलेली नाहीत आणि एकदा लोकेशन बाहेर गेलं की काय होतं ते आम्ही डोळ्यांनी बघितलंय. शेतकऱ्याला इथे काका म्हणतो, बोलताना पण काकाच म्हणायचो. मी तेव्हा त्या गावच्या शाळेत इतिहास शिकवायचो आणि आमचा जुन्या वास्तू बघत फिरणाऱ्यांचा एक ग्रुप होता, सहा-सात जण खरे फिरणारे आणि बाकी व्हॉट्सअ‍ॅपवरचे.

पार्श्वभूमी

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी आधी थोडं सांगतो. विदर्भात माळावर, बरड जमिनीवर मोठमोठे गोटे गोलाकार मांडलेले दिसतात, बाहेरून बघितलं तर वाटतं की कोणी तरी वावरातले दगड वेचून कडेला लावले असतील. ती थडगी आहेत. बाहेर मोठ्या गोट्यांचं कडं, आत माती, मुरूम आणि लहान दगडांचा भराव आणि त्या भरावाखाली मेलेल्या माणसासोबत ठेवलेलं सामान, म्हणजे मडकी, लोखंडाची हत्यारं, मणी. नागपूरहून काटोल रोडला जुनापाणी लागतं, तिथे एकाच जागी तीनशेच्या आसपास वर्तुळं सांगितली जातात. रिव्हेट-कार्नॅक या इंग्रज अधिकाऱ्याने १८७९ मध्ये त्यांच्याबद्दल लिहिलं, नंतर १९६१-६२ ला पुरातत्त्वज्ञ बी. के. थापर यांनी तिथे खणलं. टाकळघाट-खापा, माहुरझरी, नायकुंड या नागपूरकडच्याच वर्तुळांच्या जागा, ही नावं पुरातत्त्वज्ञ डॉ. शां. भा. देव यांच्या कामामुळे सगळ्यांना कळली. माहुरझरीला माणसासोबत घोडा पुरलेला सापडला आणि त्या घोड्याच्या डोक्यावरचे तांब्याचे अलंकार पण, नायकुंडला लोखंड गाळायची भट्टी सापडली. म्हणजे हे लोक कोणी साधेसुधे नव्हते.

कोणी विचारतं की ही नवाश्मयुगातली का, म्हणजे दगडी हत्यारं वापरणाऱ्या पहिल्या शेतकऱ्यांच्या काळातली, तर नाही. युरोपातली शेतातली दगडी थडगी बरीचशी नवाश्मयुगातली आहेत, आयर्लंडचं न्यूग्रेंज हे मोठं थडगं इ.स.पू. ३२०० च्या आसपासचं आहे, आपली वर्तुळं लोहयुगातली, ढोबळमानाने अडीच-तीन हजार वर्षांची. पण एक गोष्ट दोन्हीकडे सारखीच. न्यूग्रेंजच्या आतला रस्ता १६९९ मध्ये कसा सापडला तर जमीनमालकाची माणसं बांधकामासाठी तिथला दगड काढत होती तेव्हा. आपल्याकडे पण वर्तुळं जातात ती अशीच, कोणाला धुऱ्यावर म्हणजे बांधावर दगड पाहिजे असतो, कोणाला घराच्या पायात, कोणाला जमीन सपाट करायची असते. मुद्दाम इतिहास मोडायला कोणीच जात नाही.

काकांचं वावर साडेचार एकर. खालचे तीन एकर काळी जमीन, कापूस आणि तूर. वरचा दीड एकर बरड, त्यावर गवत आणि दोन बाभळी, आणि तिथेच ही तीन वर्तुळं. घरात त्या जागेला खळं म्हणायचे, राक्षसाचं खळं, कारण गोल आहे आणि एवढे गोटे माणसाला उचलता येणार नाहीत अशी समजूत. काकांच्या आईने लहानपणी सांगितलेलं की अमावास्येला तिकडे जायचं नाही, तेवढ्यावर ती जागा इतकी वर्षं टिकली.

अडचण कशी उभी राहिली

सातवीतली एक मुलगी, काकांची नात, गुरुवारी शाळेत एक खापर घेऊन आली. तळहाताएवढं होतं, मडक्याच्या काठाचा तुकडा. आतून काळं कुळकुळीत, बाहेरून काठाजवळ काळं आणि खाली आल्यावर तांबडं, आणि तो रंग कुठे बदलतो तिथे रेघ नाही, हळूहळू धूर विरल्यासारखा एकात एक मिसळलेला. बोट फिरवलं की गुळगुळीत लागत होतं, घासून चकाकी आणलेली असते तसं. ही काळी-तांबडी भांडी पुस्तकात बघितलेली होती, हातात पहिल्यांदाच आली. कुठे सापडलं विचारलं तर म्हणाली, आबांनी तळ्यासाठी जागा साफ केली ना, तिथे.

तळं म्हणजे शेततळं. मागेल त्याला शेततळे योजनेत काकांचं तळं मंजूर झालेलं, ३० बाय ३० मीटर आणि ३ मीटर खोल, त्याला जास्तीत जास्त ५० हजार अनुदान. सोमवारी जेसीबी येणार होता. शाळा सुटल्यावर शुक्रवारी वावरात गेलो तर चुन्याची फक्की मारून आखणी झालेली. ती पांढरी रेघ पहिल्या वर्तुळाच्या गोट्यांवरून चढून पलीकडे उतरत होती आणि दुसरं वर्तुळ अख्खं चौकोनाच्या आत होतं. टेप लावून मोजलं, पहिलं १४ मीटर, दुसरं ११, तिसरं बाभळीमागचं सगळ्यात मोठं, १७ मीटर. पहिल्याच्या एका गोट्यावर रुपयाच्या नाण्याएवढे खळगे होते, एका ओळीत सात. जुनापाणीच्या गोट्यांवर असेच खळगे आहेत. मी तिथेच खाली बसलो, खरं सांगतो, छाती धडधडत होती.

आणि मग मी ती चूक केली जिच्यामुळे हे सगळं लिहितोय. खापराचा, खळग्यांचा आणि एका वर्तुळाचा असे तीन फोटो काढून ग्रुपवर टाकले, सोबत लोकेशन, आणि लिहिलं की तीन हजार वर्षं जुनं थडगं सोमवारी जेसीबीखाली जातंय, काय करता येईल सांगा. ग्रुपमध्ये ४१ जण. त्यातल्या निम्म्यांना मी समोरासमोर कधी भेटलेलो पण नव्हतो. मदत मागण्याची घाई होती आणि ज्याचं वावर त्याला मी अजून एक शब्द बोललेलो नव्हतो, काका त्या दिवशी तालुक्याला गेलेले.

शनिवारी दुपारपर्यंत गावात बोलणं सुरू झालं की अमक्याच्या वावरात सोनं निघालं. शनिवारी रात्री तिसरं वर्तुळ फोडलं गेलं.

रविवारी सकाळी नात पळत घरी आली आणि मी तसाच गेलो. वर्तुळाच्या बरोबर मध्ये खड्डा, कमरेच्या वर खोल, कडेला मातीचा ढीग आणि ढिगात सगळीकडे ताजी फुटलेली खापरं. जुनं फुटलेलं आणि ताजं फुटलेलं लगेच कळतं, ताज्या कडा बिस्किटासारख्या स्वच्छ असतात. म्हणजे रात्री कुदळ बसली तेव्हा ती मडकी आख्खी होती. ढिगावर कापलेलं लिंबू, कुंकू आणि अगरबत्तीच्या काड्या. गंजाने फुगलेला लोखंडाचा एक तुकडा पडला होता, हत्याराचा असेल पण कशाचा ते सांगता येणार नाही. सोनं मिळालं की नाही ते ज्यांनी खणलं त्यांनाच माहीत.

काका बाजूला उभे होते. मला वाटलं ते चोरांवर चिडले असतील, पण ते माझ्यावर चिडले होते. म्हणाले, "गुरुजी, इतके दिवस हे गोटे कोनाले दिसले नाई, तुमी एक दिवस आले न आज पोलीस पाटील माह्या दारात. उद्या जेसीबी येते, सारे गोटे काढून धुऱ्यावर टाकतो. गोटेच नाई राह्यले त भानगडच नाई."

त्यांचं चुकत नव्हतं.

काय काय करता आलं असतं

रविवारी दुपारी आम्ही चौघं शाळेच्या ओट्यावर बसलो, सोमवार सकाळ व्हायला अठरा-एकोणीस तास होते.

पहिलं मत होतं की सरळ तहसीलदारांना कळवायचं, पुरातत्त्ववाल्यांना मेल टाकायचा आणि काम थांबवायचं. हे बोलणाऱ्याचं म्हणणं साधं होतं, माणूस चिडलेला आहे, समजवायला वेळ नाही, आधी थांबवा. मला पण तेच बरोबर वाटत होतं. पण रविवार होता आणि समजा सोमवारी सकाळी आदेश आलाच तरी आपण निघून गेल्यावर पुढच्या हंगामात एका रात्रीत ट्रॅक्टर लावून गोटे ओढून टाकायला किती वेळ लागतो? जागा त्यांची, रोज तिथे तेच जाणार. शिवाय ही वर्तुळं संरक्षित म्हणून जाहीर झालेली नव्हती, मग कोणत्या कलमाखाली थांबवणार हा प्रश्न होताच.

दुसरं मत होतं की जाऊ द्या, जे वाचत नाही ते नीट नोंदवून घेऊ, फोटो, मापं, नकाशा, खापरं वेचून ठेवू. हे अगदीच टाकाऊ नव्हतं, बऱ्याच जागांचं शेवटी तेवढंच उरतं.

तिसरं मत आमच्यातल्या सगळ्यात तरुण पोराचं, की आज रात्री आपणच दुसरं वर्तुळ खणून सामान काढून सुरक्षित ठेवू, चोराच्या आणि जेसीबीच्या हाती लागण्यापेक्षा बरं. तळमळीने बोलत होता तो, डोळ्यात पाणी होतं त्याच्या. पण परवान्याशिवाय उत्खनन करायचं नसतं, हे झालं एक. आणि दुसरं म्हणजे थडग्यातलं मडकं बाहेर काढलं की ते नुसतं मडकं राहतं, ते कशाच्या शेजारी होतं, कोणत्या थरात होतं, त्यात काय ठेवलेलं, भराव आधी मातीचा की मुरमाचा, हे सगळं खणतानाच संपतं आणि दुसऱ्यांदा खणता येत नाही. कुदळ चोराची असो की आपली, जे जायचं ते जातंच.

चौथा पर्याय तळ्याची जागा बदलायची. हा आम्ही सगळ्यात शेवटी काढला आणि काढून लगेच टाकून पण दिला, कारण काका ऐकणार नाहीत असं आम्ही धरूनच चाललो होतो. आता विचार केला की हे फार लागतं मनाला. चौघांपैकी एकानेही त्यांना विचारलेलं नव्हतं.

निर्णय बदलला तो एका फोनमुळे. ग्रुपमधल्या एकाच्या ओळखीचे पुरातत्त्वाचे एक निवृत्त प्राध्यापक होते, त्यांना फोन लावला. त्यांनी वर्तुळाबद्दल एक प्रश्न विचारला नाही, पहिलं विचारलं, शेतकऱ्याला भीती कशाची आहे? मी म्हटलं माहीत नाही. ते म्हणाले, मग आधी तेच विचारून या, आणि प्राचीन स्मारकांच्या १९५८ च्या कायद्याचं १९ वं कलम प्रिंट करून न्या.

काय केलं

संध्याकाळी मी एकटाच गेलो. काका अंगणात बाजेवर बसलेले, त्यांचा मुलगा बाजूला मोटारसायकल पुसत होता. आधी माफी मागितली. सांगितलं की फोटो मी टाकले, तुम्हाला न विचारता टाकले, ते चुकलं. काकांनी काहीच उत्तर दिलं नाही, नातीला पाणी आणायला सांगितलं. मग मी विचारलं की काका, गोटे राहिले तर काय होईल असं वाटतं तुम्हाला?

ते जे बोलले ते शक्य तेवढं तसंच लिहितो. "माह्या बापाची अडीच एकर कालव्यात गेली. पैसा भेटला तवा बाप नव्हता. आता तुमी म्हन्ता हे जुनं हाये, मंग सायेब येते, मोजते, सातबाऱ्यावर लिवून जाते. मंग मले कर्ज भेटत नाई, इकता येत नाई, वखर टाकता येत नाई. लेकराईनं काय खावं, गोटे?"

एवढंच होतं ते. इतिहासाबद्दल त्यांना राग नव्हता, सोन्याचा लोभ नव्हता, भीती होती ती सातबाऱ्याची. आणि ती भीती हवेतून आलेली नव्हती, घरात घडलेली होती.

मी प्रिंट काढून आणलेलं होतं, मुलाला दिलं, त्याने कंदिलासारखा मोबाईल धरून मोठ्याने वाचलं. मुद्दा असा की वावरात जुनं थडगं सापडलं म्हणून जमीन आपोआप सरकारची होत नाही. संरक्षित जाहीर करायचं असेल तर आधी दोन महिन्यांची नोटीस निघते आणि त्यात मालकाला हरकत घेता येते. आणि समजा केंद्राने संरक्षित केलंच, तरी त्या क्षेत्रात एक फुटापेक्षा खोल न जाणारी शेती करायला १९ वं कलम आडवं येत नाही. बांधकाम, खाणकाम, खोदकाम नाही चालत, ते खरं. शंभर मीटरच्या आत बांधकामबंदी आणि पुढच्या दोनशे मीटरला परवानगी लागते, हा २०१० च्या दुरुस्तीचा नियम आहे तो पण फक्त जाहीर झालेल्या स्मारकांना. हे पण लपवलं नाही, सांगून टाकलं. न सांगता त्यांनी हो म्हटलं असतं तर तो पुढे विश्वासघात झाला असता.

एक फूट ऐकल्यावर काकांनी पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. वखर किती खोल जातो, त्यांनी मुलाला विचारलं. मुलगा हसला आणि त्याने वीत दाखवली, अर्धी.

मग मी तळ्याचं विचारलं. तळं बरडावर का घेतलं तर काळी जमीन वाया जाऊ नये म्हणून, ३० बाय ३० म्हणजे नऊ गुंठे, वर बांध धरला की अजून जास्त. हे पण बरोबरच होतं. पण दुसऱ्या दिवशी कृषी सहायकांना वावरात बोलावल्यावर एक वेगळीच गोष्ट निघाली. ते म्हणाले की मुरमात तळं गळतं, पाणी टिकवायचं तर प्लास्टिकचं अस्तर टाकावं लागेल आणि त्याचा खर्च खोदाईपेक्षा जड जातो. खाली काळी आणि बरड जिथे मिळतात त्या कोपऱ्यात घेतलं तर वरचं वाहतं पाणी पण जास्त येईल आणि टिकेल पण, फक्त काळ्या मातीत बाजू ढासळतात म्हणून उतार जरा जास्त आडवा द्यावा लागेल. म्हणजे थडगं नसतं तरी मूळची जागा तळ्यासाठी चांगली नव्हतीच. हे काकांना कोणी आखणीच्या वेळी सांगितलं नव्हतं.

काकांनी अर्धा दिवस विचार केला आणि २५ बाय २० चं तळं कोपऱ्यात घ्यायचं ठरवलं, साधारण पाच गुंठे. अनुदान कमी होणार होतं. आम्ही फरकाची वर्गणी काढायची तयारी दाखवली, ते नाही म्हणाले. म्हणाले, पैसे नको, पण बदललेल्या जागेचे कागद तुमी करून द्या, मी तालुक्याच्या चकरा मारनार नाई. तर ते काम मी घेतलं, नवीन अर्ज, नवीन स्थळपाहणी, आखणी, सह्या. मला चार चकरा पडल्या. मृगाच्या आत खोदाई व्हायला पाहिजे होती आणि जेसीबीवाल्याचा सोमवारचा नंबर सोडल्यामुळे पुढचा नंबर बारा दिवसांनी मिळाला. ते बारा दिवस काकांनी थांबून दाखवलं. घरातले रोज बोलत होते त्यांना, तरी थांबले.

या मधल्या काळात बाकीची कामं केली. फोडलेल्या वर्तुळाचा तलाठी आणि पोलीस पाटलांसमोर पंचनामा झाला. ढीग चाळला, खापरं ढिगाच्या कोणत्या बाजूची ते लिहून पिशव्यांमध्ये भरली. चाळताना नातीला एक मणी सापडला, कार्नेलियन नावाच्या तांबूस दगडाचा, तूरडाळीच्या दाण्यापेक्षा थोडा मोठा, उन्हात धरला की आतून नारिंगी पेटल्यासारखा दिसायचा. आरपार भोक इतकं बारीक आणि सरळ की सुईच जाईल. तिने तो बराच वेळ मुठीत ठेवला आणि मग स्वतःहून दिला. १८७८ चा एक कायदा आहे गुप्तधनाचा, जमिनीत सापडलेली वस्तू दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीची असली तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं, तर मण्याची पण पंचनाम्यात नोंद घेतली आणि पावती घेऊनच तो दिला. पावती काकांच्या नावाने. याचा फार उपयोग झाला, गावात सोनं दडवल्याचं बोलणं त्या पावतीने बंद केलं.

ग्रुपवरचे फोटो आणि लोकेशन सगळ्यांनी आपापल्या फोनमधून काढून टाका असं मी रविवारीच लिहिलं. तोवर ते कुठे कुठे गेले होते याचा पत्ता लागणार नव्हताच.

काय झालं शेवटी

तळं झालं, ऑगस्टमध्ये भरलं, त्या पाण्यावर काकांनी तुरीला दोन ओलिताच्या पाळ्या दिल्या. दुसरं वर्तुळ पूर्ण शाबूत आहे. तिसरं मधून गेलं, कडेचे गोटे जागेवर आहेत पण थडगं म्हणून ते संपलं.

पहिल्या वर्तुळाचं मात्र नुकसान झालं आणि ते आमच्या डोळ्यादेखत झालं. आम्ही तळ्याची नवीन जागा आणि वर्तुळांची हद्द फक्कीने आखली, पण जेसीबी वावरात कुठून येणार, कुठे वळणार ते आखलंच नाही. वळताना मागचं बकेट लागून दोन गोटे उलटे झाले, त्यातला एक खळग्यांचा. आता तो खळगे खाली करून पडलेला आहे. ड्रायव्हरचा दोष नाही, त्याला सांगितलं होतं की रेघेच्या आत खणू नको, तो रेघेच्या आत खणत नव्हता.

त्याच वेळी एक निर्णय घ्यावा लागला, जेसीबी उभाच होता आणि ड्रायव्हर म्हणाला दोन मिनिटांत सरळ करून देतो. मोह झाला. प्राध्यापकांना फोन केला, ते म्हणाले हात लावू नका, फोटो काढा, कोणत्या दिशेला होता ते कंपासने लिहा आणि तसाच ठेवा. कारण खळगे असलेले गोटे वर्तुळात कोणत्या दिशेला आहेत यालाच महत्त्व आहे, तेव्हा टीआयएफआर या मुंबईच्या संशोधन संस्थेत असलेले खगोलशास्त्रज्ञ मयंक वाहिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुनापाणीच्या गोट्यांच्या दिशांचा अभ्यास केलाय आणि त्याचा आकाशनिरीक्षणाशी संबंध असावा असं मांडलंय. आपण अंदाजाने उभा केलेला गोटा पुढच्या अभ्यासकाला खरा वाटला तर त्याचं सगळं गणित चुकणार. पडलेला गोटा निदान खोटं सांगत नाही. शुक्रवारच्या माझ्या फोटोंमध्ये आणि टेपच्या मापांमध्ये त्याची मूळ जागा होती, तेवढं एक नशीब.

पुरातत्त्वाच्या कार्यालयाला कळवलं होतं, त्यांचं उत्तर यायला पाच महिने लागले. दोघं जण आले, अर्धा दिवस थांबले, वर्तुळांची नोंद घेतली, खापरं पावती देऊन घेऊन गेले. सातबाऱ्यावर काही चढलं नाही. खणलं पण नाही, आणि मला विचाराल तर ते बरं झालं, न खणलेलं वर्तुळ म्हणजे सगळ्यात सुरक्षित वर्तुळ, जोवर मालक सोबत आहे तोवर.

आज परत वेळ आली तर

सगळ्यात आधी फोटो ग्रुपवर टाकणार नाही. फोन एकालाच करायचा, माहीतगार माणसाला, आणि लोकेशन त्याला पण गरज पडली तरच. तिसरं वर्तुळ चोरांनी फोडलं असं पंचनाम्यात लिहिलंय, पण शुक्रवारी रात्री मी फोन खिशात ठेवला असता तर ती मडकी आज अख्खी असती.

दुसरं, मालकाची भेट व्हायच्या आत जागेवर जायचं नाही, मोजायचं तर नाहीच. काका तालुक्याला होते तर त्यांची वाट बघायची, शनिवारी गेलो असतो तरी सोमवार लांब होता. आणि जाताना वर्तुळाचं महत्त्व सांगायची घाई करायची नाही. ते मी रविवारी संध्याकाळी बोललोच नाही, काकांनीच नंतर विचारलं की त्यात कोण असंल, बाई का मानूस. सांगता आलं नाही, या वर्तुळांमध्ये हाडं बहुतेक वेळा थोडी आणि चुरा झालेलीच मिळतात.

तळ्याच्या जागेचा विचार पहिल्याच दिवशी कृषी सहायकांशी बोलून करायला पाहिजे होता. आम्हाला सगळ्यांना फक्त वर्तुळ दिसत होतं, तळं म्हणजे शत्रू वाटत होतं, आणि उत्तर होतं तळ्यातच, मुरूम गळतो या एका वाक्यात. ज्याच्या गरजेमुळे जागा धोक्यात आलीय ती गरज नीट समजून घेतली तर रस्ता निघायची शक्यता जास्त, निदान इथे तरी तसंच झालं. नेहमी होईल असं नाही, काकांकडे दुसरा कोपरा होता, ज्याच्याकडे एकच एकर आहे त्याला मी काय सांगितलं असतं याचं उत्तर माझ्याकडे आजही नाही.

जेसीबीचा येण्याजाण्याचा रस्ता आखायचा, हे वर लिहिलंच.

आणि एक राहिलं. तिसऱ्या वर्तुळाचा खड्डा आम्ही तसाच उघडा ठेवला होता, कार्यालयाची माणसं बघतील म्हणून. पूर्ण पावसाळा त्यात पाणी साचलं, बाजू ढासळल्या, जे थर चोरांच्या कुदळीतून वाचले होते त्यातलेही काही गेले. ताडपत्री टाकून तात्पुरतं भरायला पाहिजे होतं, सुचलंच नाही. पुढच्या उन्हाळ्यात परवानगी विचारून आम्ही तो भरला. तळाशी प्लास्टिकची पोती अंथरली, म्हणजे पुढे कधी कोणी रीतसर खणलं तर नवीन माती कुठे संपते आणि जुनी कुठे सुरू होते ते कळावं. पोत्यावर त्या वर्षीचं नाणं ठेवायचं असतं, भराव कधी टाकला ते समजण्यासाठी. माझ्या पाकिटात सगळी जुनी नाणी निघाली. काकांनी खिसा चाचपला, एक एक नाणं नातीकडे दिलं, तिने सालं वाचली आणि २०१८ चा रुपया निघाला तो तिनेच खाली उतरून मधोमध ठेवला, मग काकांनी पहिलं घमेलं टाकलं.